डीप डिश पिझ्झा घरी, आणि पाणी सुटू न देण्याची खटपट

शिकागोत येऊन आम्हाला आता बरीच वर्षं झाली आणि इथे आल्यावर कळलेली पहिली गंमत म्हणजे इथली माणसं डीप डिश पिझ्झा, म्हणजे खोल पॅनमध्ये पिठाची वाटी करून भरलेला जाड पिझ्झा, रोज खात नाहीत. शुक्रवारी स्वयंपाकाचा कंटाळा आला म्हणून जो मागवतात तो पातळ, कुरकुरीत, गोल असूनही चौकोनी तुकड्यांत कापलेला असतो, टॅव्हर्न स्टाईल म्हणतात त्याला. डीप डिश निघतो तो बाहेरगावचं कुणी आलं की. आपल्याकडे पाहुणे आले की श्रीखंड-पुरीचा बेत होतो ना, तसंच. त्यामुळे भारतातून कुणी आलं की दोन दिवस जेट लॅग, तिसऱ्या दिवशी डाउनटाउनला जाऊन त्या ‘बीन’ नावाच्या चकचकीत शिल्पासमोर फोटो, आणि चौथ्या दिवसापासून "अरे ते जाड पिझ्झ्याचं काय झालं" सुरू.

दुकानात न्यायला ना नाही, पण ऑर्डर दिल्यावर पाऊण तास नुसतं बसायचं कारण भाजायलाच तेवढा वेळ लागतो, त्यात आमच्या गोतावळ्यात एक कांदा-लसूण न खाणारे काका, एक "सॉसेज पाहिजेच" म्हणणारा पुतण्या आणि दोन पोरं ज्यांना फक्त चीज दिसतं, एवढ्या सगळ्यांची ऑर्डर जमवेपर्यंत भूक मरते. म्हणून घरी करायला लागलो. पहिले चार-पाच फसले, ते का फसले ते सांगतो म्हणजे तुमचे फसणार नाहीत.

थोडा इतिहास, पटकन. १९४३ साली शिकागोत ओहायो आणि वाबाश या रस्त्यांच्या कोपऱ्यावर आइक सीवेल आणि रिक रिकार्डो या दोघांनी पिझ्झेरिया उनो काढलं, तिथून हा प्रकार सुरू झाला असं धरतात. पीठ नक्की कुणाच्या हातचं यावर अजून वाद आहेत. तिथे काम करणाऱ्या रूडी मालनाटींचा मुलगा लू, त्याने १९७१ मध्ये स्वतःचं दुकान काढलं आणि आज इथल्या लोकांना विचारलं तर निम्मे त्याचं नाव घेतात. वरून अजून एक पोळी लावलेला असतो तो स्टफ्ड, तो १९७४ च्या आसपासचा आणि तो वेगळा, त्याच्या वाटेला आज जायचं नाही. न्यूयॉर्कवाले तर याला पिझ्झा मानतच नाहीत, २०१३ मध्ये विनोदवीर जॉन स्टुअर्टने टीव्हीवर याला कॅसरोल (भांड्यात सगळं एकत्र घालून ओव्हनमध्ये शिजवतात तो पदार्थ) म्हणून यथेच्छ शिव्या घातल्या होत्या. मला विचाराल तर थोडं खरं आहे त्यांचं. हा पिझ्झा कमी आणि ‘पाय’ (pie, सारण भरून भाजतात तो) जास्त आहे, आणि हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

कारण मी सुरुवातीला चूक हीच करायचो. पिझ्झा म्हणजे ब्रेडसारखं पीठ, म्हणजे भरपूर तिंबायचं, असं समजून दहा-दहा मिनिटं ओट्यावर पीठ आपटायचो आणि मग कडा व्हायच्या चिवट, पावासारख्या, सुरीने करवतल्यासारखं कापावं लागायचं. एका उन्हाळ्यात आई सहा महिन्यांसाठी इथे आली होती, ती डायनिंग टेबलाशी भाजी निवडत माझा उद्योग बघत होती, मी तेल मोजून मैद्यात ओतलं तशी म्हणाली, "अरे एवढं मोहन घालतोयस, हे तर शंकरपाळ्याचं पीठ झालं. मग तिंबत कशाला बसलायस?" आणि उठून तिने कोरड्या मैद्यालाच ते तेल चोळलं, मूठ दाबून मुटका वळतो का बघितला, मग पाणी घालून गोळा जेमतेम एकत्र केला आणि झाकून ठेवला. एक मिनिटसुद्धा मळलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा कडा खुसखुशीत झाल्या, बिस्किटासारख्या तुटणाऱ्या, दुकानात असतात तशाच. आई डीप डिश तेव्हा पहिल्यांदा खात होती. शास्त्र सोपंच आहे म्हणा, तेल पिठाच्या कणांना आधी लागलं की पाणी घातल्यावर ग्लूटेनच्या, म्हणजे पिठाला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनाच्या, तारा लांब होत नाहीत, करंजीला मोहन घालतो ते याचसाठी, फक्त आमच्या डोक्यात पिझ्झा आणि करंजी हे दोन कप्पे वेगळे होते.

आता माप. हे १० इंची, २ इंच खोल गोल पॅनचं आहे, यात चार मोठी माणसं पोटभर जेवतात, सोबत सॅलड असेल तर पाच. मैदा २५० ग्रॅम (इथल्या कपाने २ कप, इथे ऑल पर्पज फ्लोअर घ्या, ब्रेड फ्लोअर नको), इन्स्टंट यीस्ट १ टीस्पून, साखर अर्धा टीस्पून, मीठ १ टीस्पून, तेल ५० मिली, कोमट पाणी १२० मिली. तेल मक्याचं असेल तर उत्तम, ती पिवळसर झाक आणि तो थोडा गोडूस वास त्यानेच येतो. बरेच लोक पिठात मक्याचं जाडं पीठ घालतात, नेटवरच्या निम्म्या रेसिप्यांत ते असतं, मी दोन-तीनदा घालून बघितलं आणि सोडून दिलं, दाताखाली रेती आल्यासारखं वाटतं. अगदी कुरकुर हवीच असेल तर दोन चमचे बारीक रवा घाला, तो बरा लागतो.

मैदा, मीठ, साखर, यीस्ट एकत्र करा, तेल घालून बोटांनी चोळा, मुटका वळला पाहिजे, मग पाणी घालून फक्त गोळा होईपर्यंत एकत्र करा. गोळा गुळगुळीत दिसणार नाही, खडबडीत दिसेल, दिसू दे. हात शिवशिवतील मळायला, मळू नका. तेलाचा हात लावून झाकून ठेवा दीड-दोन तास, दुप्पट होईपर्यंत. इथल्या थंडीत घर कितीही गरम असलं तरी पीठ हलत नाही, तेव्हा ओव्हन बंद ठेवून नुसता आतला दिवा लावायचा आणि त्यात भांडं ठेवायचं, इडलीचं पीठ आंबवायला आपण सगळे इथे करतो तेच. घाई नसेल तर आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी लावायच्या आधी दोन तास बाहेर काढा, चव जास्त चांगली येते आणि पाहुण्यांच्या दिवशी एक काम कमी होतं.

पॅनचं बोलू. काळा किंवा गडद रंगाचा धातूचा पॅन सगळ्यात बेस्ट कारण बूड नीट भाजतं. बिडाचा १० इंची स्किलेट असेल तर तोही झकास. काचेचं भांडं नको, ते हळू तापतं. आणि तो कडा सुटणारा चीजकेकचा पॅन, स्प्रिंगफॉर्म, तो तर अजिबात नको, हे मी अनुभवाने सांगतोय. एकदा बाजू सोडवून छान अख्खा पिझ्झा ताटात काढू म्हणून तो वापरला, वीस मिनिटांनी जोडातून तेल आणि लोणी ओव्हनच्या तळाशी ठिबकायला लागलं, धूर झाला, स्मोक अलार्म ओरडायला लागला, बायको खिडक्या उघडतीय, मी टॉवेलने वारा घालतोय आणि बाहेर उणे दहा, सगळे पाहुणे कोट घालून सोफ्यावर. पिझ्झा चांगला झाला होता तसा.

पॅनला आधी लोणी फासा, मग चमचाभर तेल सोडा. गोळा मध्ये ठेवून थालीपीठ थापतो तसं बोटांनी थापत थापत बाहेर न्यायचं, लाटणं नको. जाडीही थालीपिठाएवढीच. मध्येच पीठ मागे ओढलं जात असेल तर झाकून दहा मिनिटं सोडून द्या, नंतर मुकाट ऐकतं. मग कडेला दीड इंच वर चढवायचं, आणि कडा बुडापेक्षा पातळ पाहिजे, चिमटीत धरून दाबत दाबत गोल फिरायचं. एक जागा लोक विसरतात ती म्हणजे बूड आणि बाजू मिळतात तो कोपरा. तिथे पीठ साठतं आणि नेमकं तिथेच कच्चं राहतं, बोटाच्या पेराने तो कोपरा दाबून काटकोनात आणा. थापून झालं की परत फुगायला ठेवू नका, लगेच भरा, नाहीतर परत पाव.

आता मुद्द्याची गोष्ट, पाणी. डीप डिश बिघडतो तो नव्वद टक्के वेळा पाणी सुटून. पातळ पिझ्झ्यावर पाणी सुटलं तर उडून जातं, इथे मात्र तुम्ही पिठाची वाटी केलीये आणि त्यात सगळं कोंडलंय, पाणी जाणार कुठे, खाली बुडात. माझा दुसरा प्रयत्न असा होता की ताज्या मोझरेलाचे पाण्यातले गोळे, कच्चं पालक, कच्चे मशरूम आणि डब्यातला टोमॅटो तसाच ओतला. कापल्यावर मधून रस्सा वाहिला, खरंच, पोरांनी चमचे मागितले.

तर टोमॅटो. इथे २८ औंसाचा, म्हणजे साधारण ८०० ग्रॅमचा अख्ख्या सोललेल्या टोमॅटोचा डबा मिळतो. ते हाताने कुस्करायचे, मिक्सरमधून काढायचे नाहीत, जाडसर फोडी राहिल्या पाहिजेत. मग चाळणीवर फडकं घालून त्यात अर्धा तास गाळत ठेवा, चक्का बांधतो त्याचाच छोटा प्रकार. खाली जे पाणी जमतं ते फेकू नका, दुसऱ्या दिवशी त्याचं सार होतं, थोडं नारळाचं दूध आणि जिऱ्याची फोडणी. वर राहिलेल्या घट्ट टोमॅटोत मीठ, अर्धा चमचा साखर, ओरेगॅनो, एक लसणीची पाकळी किसून (काका असतील तर नाही) आणि चमचाभर ऑलिव्ह ऑईल. शिजवायचं अजिबात नाही, पाऊण तास ओव्हनमध्ये काय करणार आहे तो मग? आधी शिजवलेला सॉस भाजल्यावर केचपसारखा लागतो.

चीज लो मॉइश्चर (कमी पाण्याचं) मोझरेला, होल मिल्क (साय न काढलेल्या दुधाचं), ३५० ग्रॅम. किसलेलं नको, ठोकळा आणून काप करा किंवा दुकानातून काप करूनच आणा. आणि इथे तुमच्याकडे शुद्ध शाकाहारी मंडळी येणार असतील तर पाकीट उलटून वाचा. चीज बनवताना दूध फाडायला रेनेट वापरतात, ते काही वेळा वासराच्या पोटातलं असतं, लेबलवर मायक्रोबियल किंवा व्हेजिटेबल रेनेट लिहिलं असेल तर चालतं. खऱ्या इटालियन पार्मेजानमध्ये तर प्राण्याचंच असतं. मी हे कित्येक वर्षं बघतच नव्हतो, एका मावशींनी शांतपणे विचारलं तेव्हा काय उत्तर द्यावं कळेना, तेव्हापासून बघतो.

भरण्याचा क्रम उलटा, आधी चीज, मग बाकी सगळं, सगळ्यात वर टोमॅटो. एवढा वेळ भाजायचं तर चीज वर ठेवून कसं चालेल, जळून चामडं होईल. म्हणून ते खाली, आणि खाली असल्याने टोमॅटोचा ओलावा पिठापर्यंत पोचायच्या आधी चीजचा थर मध्ये येतो. मात्र त्यासाठी काप कौलांसारखे एकावर एक चढवून लावायचे, मध्ये फट राहता कामा नये. फट राहिली की कौलारू घर गळतं तसाच हाही गळतो.

मधलं सारण. शिकागोचं म्हणजे सॉसेज, पोर्कचं, बडीशेप घातलेलं. ते कच्चंच घालतात, चिमटीने रुपयाएवढे चपटे तुकडे तोडून अख्ख्या चीजवर पसरायचे, पातळ असले की आत व्यवस्थित शिजतात. चिकन खिमा वापरणार असाल तर मात्र आधी कोरडा परतून घ्या कारण त्याला पाणी सुटतं, आणि परतताना भरडलेली बडीशेप, लाल मिरचीचे फ्लेक्स, लसूण घाला, तो वास आला की डोळे मिटून शिकागोच समजा. शाकाहारीत इथे पालक फार चालतो आणि आपल्या लोकांना पण तोच आवडतो. ४०० ग्रॅम पालक नुसता कढईत बसवायचा, गार करून दोन्ही हातांनी पिळायचा, पिळलाय असं वाटलं की परत एकदा पिळायचा. मुठीत मावेल एवढासा गोळा राहतो, बरोबर आहे, तेवढाच असतो. मशरूम मोठ्या आचेवर, आधी मीठ न घालता, पाणी सुटून आटून कडा तपकिरी होईपर्यंत परता. सिमला मिरची आणि कांदा, थोडं परतून. पनीर टिक्का घालू का असं दर वेळी कोणीतरी विचारतं, घाला की, तुमचं घर आहे, पण दह्याचं मॅरिनेशन पुसून घाला नाहीतर परत पाण्याचं तेच. आणि सारण फार भरू नका, पोळीच्या आत पुरण ठासतो तसा मोह होतो, पण चीजच्या वर एक थर दिसला की थांबा.

वर टोमॅटो, साधारण दोन कप, चमच्याने कडेपर्यंत पसरा, चीज दिसायला नको. त्यावर किसलेलं पार्मेजान किंवा जे चालत असेल ते, थोडं ओरेगॅनो, ऑलिव्ह ऑईलची धार.

ओव्हन अर्धा तास आधीच ४२५ फॅरनहाइटला, म्हणजे २२० सेल्सियसला, तापवून ठेवा आणि पॅन सगळ्यात खालच्या जाळीवर. खाली पिझ्झा स्टोन किंवा बेकिंग ट्रे तापत ठेवला असेल तर अजून छान, पॅन त्याच्यावरच ठेवायचा. ३५ ते ४० मिनिटं लागतात. घड्याळापेक्षा कडांकडे बघा, कडा छान बदामी होऊन पॅनच्या बाजूपासून किंचित सुटलेल्या दिसतात आणि टोमॅटो मधोमधसुद्धा बुडबुडे काढत असतो. पातळ उलथनं बाजूने घालून बूड थोडं उचलून बघा, खाली पांढरं असेल तर अजून पाच मिनिटं. कडा आधीच काळवंडायला लागल्या तर वरून फॉइल सैल टाका.

आणि मग सगळ्यात अवघड पायरी, दहा मिनिटं थांबायचं. वास घरभर झालेला असतो, सगळे ओट्याभोवती जमलेले असतात, कोणीतरी म्हणतंच "काप रे आता", कापू नका. आत चीज अजून पातळ असतं, आत्ता कापलं तर सगळं वाहून मधे येतं आणि तुकडा म्हणून काही राहत नाही. आमच्याकडे या दहा मिनिटांत सॅलड आणि ताटं लावायचं काम जमलेल्यांना दिलं जातं. दहा मिनिटांनी दोन उलथन्यांनी अख्खा उचलून लाकडी पाटावर काढता येतो किंवा सरळ पॅनमध्येच कापा, फक्त पॅन नॉनस्टिक असेल तर त्यात सुरी नको. सहा तुकडे, ताटात, काटा-सुरीने. हातात धरून खायला गेलात तर शर्ट गेला.

आठ-दहा माणसं असतील तर दोन पॅन करा, एक व्हेज एक नॉनव्हेज, आणि व्हेजच्या कडेत एक टूथपिक खोचून ठेवा कारण वरून दोन्ही सारखेच लाल दिसतात. आमच्याकडे एकदा यावरून बाका प्रसंग टळला, पुतण्याने ओरडून सांगितलं म्हणून. दोन्ही पॅन एकाच जाळीवर मावले तर उत्तम, नाही मावले तर अर्ध्या वेळात वरचा खाली करा आणि आठ-दहा मिनिटं जास्त धरा. पाहुणे सातला येणार असतील तर माझं गणित असं असतं, पीठ अडीचला, सारण आणि टोमॅटो गाळणं चार-पाचच्या दरम्यान, सव्वासहाला थापून चीज आणि सारण भरून, टोमॅटो अगदी ओव्हनमध्ये टाकताना, म्हणजे लोक येऊन चपला काढून पाणी पिऊन गप्पा सुरू होईपर्यंत वास सुटलेला असतो. टोमॅटो आधीपासून घालून ठेवू नका, तेवढ्यात पीठ ओलं होतं.

भारतात ओटीजीवर पण होतो. पुण्याला बहिणीने केला, तिच्याकडे ९ इंची ॲल्युमिनियमचा केकचा डबा होता, साधा पांढरा, त्यात पीठ ओटीजीच्या खालच्या जाळीवर दोन्ही रॉड चालू ठेवून २२० ला ३५ मिनिटांत झालं पण बूड जरा फिकट राहिलं, मग डबा तसाच गॅसवर तव्यावर ठेवून मंद आचेवर चार मिनिटं दिली, झक्क झालं. ९ इंचीला पीठ थोडं उरतं, त्याची छोटी वाटी करून पोरांना भरू द्या. टोमॅटोचे डबे तिकडे महाग पडतात म्हणून तिने ताजे दीड किलो घेतले, लांबट कमी रसाचे, उकळत्या पाण्यातून काढून सोलले, बिया काढल्या आणि फोडी गाळून जरा आटवल्या. आपल्या टोमॅटोला आंबटपणा जास्त, साखर एक चमचा लागली.

उरला तर (दोनदा उरलाय माझ्या आठवणीत) मायक्रोवेव्ह करू नका, कडा चामडं होतात. तव्यावर झाकण ठेवून अगदी बारीक आचेवर दहा मिनिटं, बूड परत कुरकुरीत होतं आणि वर चीज सैल पडतं. आई तर सकाळी चहाबरोबर गारच खायची, म्हणायची शिळा जास्त चांगला लागतो, आणि सांगलीला परत गेल्यावर फोनवर विचारलं की काय आवडलं अमेरिकेतलं तर म्हणाली ते तुझं टोमॅटोचं शंकरपाळं.